बहिरी ससाणा आणि ऑल्म: दोन टोकं!

सूर मारताना बहिरी ससाणा ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. आता दुसरं टोक बघा. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्नियाच्या चुनखडीच्या गुहांमध्ये, पाण्यात, ऑल्म नावाचा सॅलमँडर राहतो. वीतभर लांब, फिकट गुलाबी, मानेशी लालभडक कल्ल्यांचे झुपके. बोस्नियात पाणबुड्यांनी खुणा केलेल्या ऑल्मपैकी एक पठ्ठ्या तब्बल ७ वर्षांनीही त्याच जागी सापडला! (संशोधन २०२० चं.)

त्याला आळशी म्हणू नका हं. गुहेत खाणं तुटपुंजं, मग धावपळ करून ताकद का घालवायची? गडी वर्षानुवर्षं उपाशी राहू शकतो. डोळे कातडीखाली गडप, त्यामुळे सगळी भिस्त वासावर आणि पाण्यातल्या कंपनांवर. ससाण्याचा खेळ मात्र नजरेचा: त्याच्या प्रत्येक डोळ्यात तीक्ष्ण नजरेचे दोन बिंदू, आपल्याला एकेकच. आयुष्यात मात्र ऑल्म बाजी मारतो. तो शंभरीही गाठत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

बहिरीचा भाऊबंद शाहीन आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर दिसतो. ऑल्मसाठी मात्र स्लोव्हेनियातली पोस्टोयना गुहा गाठावी लागेल.