चंद्रभाषेतलं ॲप – भाग ६ : चेंडू ॲप स्टोअरमध्ये जातो कसा?

आपल्या ॲपमधला चेंडू भिंतीवर आपटला की ‘टप्’ असा आवाज काढायचा, हे या आठवड्याचं काम ठरलं होतं. ते पुढे ढकलावं लागतंय. भाग ५ वाचून एका वाचकाने विचारलेला प्रश्न तसा दोन ओळींत उत्तर देऊन संपवता आला असता. पण लुआ या भाषेचा सगळा स्वभावच त्या उत्तरात आहे. प्रश्न असा : आयफोनवर ॲपलने नेमून दिलेल्या भाषाच चालतात असं वर्गात शिकवलं जातं, तर मग लुआत लिहिलेला हा चेंडू ॲप स्टोअरमध्ये जातो कसा?

आज तो बिनबोभाट जातो. २०१० साली मात्र पाच महिने कुणालाच तशी खात्री देता येत नव्हती.

त्या वर्षी ८ एप्रिलला ॲपलने आयफोन ओएस ४ जाहीर केली आणि डेव्हलपरांच्या करारातलं कलम ३.३.१ बदललं. ॲप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ किंवा वेबकिटमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट यांत लिहिलेलं असलं पाहिजे, अशी अट आली. त्यातला ‘मुळातच’ हा शब्द सर्वांत जाचक. दुसऱ्या भाषेत लिहून ते या भाषांत उतरवून घ्यायची पळवाटही त्याने बंद केली. रोख अडोबीच्या फ्लॅशवर असल्याचं सगळ्यांनीच ओळखलं. फ्लॅशमधून थेट आयफोनचं ॲप काढून देणारं साधन अडोबी त्याच महिन्यात बाजारात आणत होती, आणि २९ एप्रिलला स्टीव्ह जॉब्झ यांनी फ्लॅश आपल्याला का नको यावर लांबलचक जाहीर पत्र लिहिलं. पण कलमाच्या शब्दांत फ्लॅशचं नावच नव्हतं. त्यामुळे सी-शार्पमध्ये ॲप लिहायची युनिटी आणि मोनोटच ही साधनं, लुआत ॲप लिहायची कोरोना, सगळेच त्या कचाट्यात सापडले. कोरोना काढणारे वॉल्टर लू आणि कार्लोस इकाझा हे दोघेही अडोबीच्या फ्लॅश लाइटवर काम करून बाहेर पडलेले. जुन्या घरावर आलेलं संकट त्यांच्या नव्या घरापर्यंत पोचलं.

गंमत म्हणजे तोवर लाखो लोकांच्या फोनवर असलेल्या अँग्री बर्ड्समध्ये लुआ होतीच. खेळणाऱ्याला ती कुठे दिसत नव्हती, एवढंच.

९ सप्टेंबर २०१० रोजी ॲपलने अट सैल केली. कुठल्याही भाषेत लिहा, कोड वाचून चालवणारा इंटरप्रिटरही चालेल. मात्र सगळा कोड आणि इंटरप्रिटर ॲपच्या पुडक्यातच हवा, मागाहून इंटरनेटवरून काही उतरवून चालवायचं नाही. पुष्कळ भाषांना हीसुद्धा अडचणच होती. भलाथोरला इंटरप्रिटर प्रत्येक ॲपमध्ये कोंबायचा कसा? शिवाय चालता चालता यंत्रभाषेत नवा कोड तयार करून तो धावता करायला आयफोन बाहेरच्या ॲपना सहसा परवानगी देत नाही. वेगासाठी त्याच युक्तीवर विसंबलेल्या भाषांची त्यामुळे कोंडी होते. लुआचं तसं नाही. तिचा इंटरप्रिटर साध्या सी भाषेत लिहिलेला, सुमारे तीस हजार ओळींचा. स्टँडर्ड लायब्ररींसकट तयार झालेला तो ३०० केबीच्या आत मावतो. चेंडूचा आपला कोड आधीच बाइटकोडमध्ये बदलून पुडक्यात जातो, आणि फोनच्या दृष्टीने तो निव्वळ डेटा असतो, एखाद्या चित्रासारखा. धावतो तो सीमधला इंटरप्रिटर. सीला तर मनाई कधीच नव्हती.

हा सडपातळपणा फोनसाठी कमावलेला नाही. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो येरुझालिम्स्की, लुईझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी लुआ घडवली, ती पेट्रोब्रास या ब्राझीलच्या तेल कंपनीच्या कामांसाठी. १९७७ ते १९९२ या काळात बाहेरचं हार्डवेअर-सॉफ्टवेअर आणण्यावर ब्राझीलमध्ये कडक बंधनं होती, त्यामुळे आपली हत्यारं आपणच घडवायची सवय या मंडळींच्या अंगात मुरली होती. लुआ ज्यांच्या हाती पडणार होती ते अभियंते पेशाने प्रोग्रामर नव्हते आणि त्यांच्याकडे संगणकही तऱ्हेतऱ्हेचे. मग भाषा सोपी हवी आणि कुठल्याही संगणकावर, दुसऱ्या मोठ्या प्रोग्रामच्या पोटात राहून चालणारी हवी. तिच्याआधीच्या भाषेचं नाव सोल, पोर्तुगीजमध्ये सूर्य. म्हणून हिचं लुआ, चंद्र. आणि योगायोग असा की कोरोना मुक्तस्रोत झाली आणि २०२० साली नव्या नावाने आली, ते नावही सूर्याचंच : सोलरटूडी.

दुसऱ्याच्या पोटात राहणं म्हणजे नेमकं काय, हे गेल्या आठवड्याच्या चेंडूवरच पाहता येतं. त्यात ‘बॉल.एक्स = २००’ अशी ओळ होती. दिसायला ती ‘बॉल’ या टेबलाच्या, म्हणजे नावं आणि किमती जोडून ठेवणाऱ्या लुआच्या रचनेच्या, एका खान्यात आकडा ठेवते. प्रत्यक्षात त्या टेबलात एक्स नावाचा खाना मुळात नसतोच! नसलेल्या खान्यात कुणी लिहायला गेलं की लुआ त्या टेबलाला जोडलेलं दुसरं टेबल, म्हणजे मेटाटेबल, पाहते, तिथे ‘न्यूइंडेक्स’ नावाखाली ठेवलेलं फंक्शन तिला सापडतं आणि ते फंक्शन सीच्या बाजूचं असतं. लुआ मग तीन गोष्टी एकावर एक रचते : तळाशी टेबल, त्यावर ‘एक्स’ हे नाव, त्यावर २००. या चळतीला स्टॅक म्हणतात. सीचं फंक्शन पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या जागेवरची वस्तू उचलून बघतं (मोजणी १ पासून), पडद्यावरचा वर्तुळाचा आकार खरोखर हलवतं आणि ‘परत द्यायला काही नाही’ या अर्थाने ० कळवून मोकळं होतं. सीला लुआच्या टेबलांची आतली रचना ठाऊक नसते आणि लुआला पडद्याचं काहीच ठाऊक नसतं. दोघींमधला सगळा व्यवहार या चळतीवरून होतो. इतका अरुंद आणि इतका स्वच्छ दरवाजा दुसऱ्या भाषांमध्ये फार कमी पाहायला मिळतो, आणि लुआच्या प्रेमात पडायला तेवढं कारण पुरेसं आहे.

या दरवाजाचा लाभ कुणाला झाला? अमेरिकेत युटा राज्यातल्या स्पॅनिश फोर्क गावच्या १४ वर्षांच्या एका मुलाला. त्याने गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून अभ्यास केला आणि महिनाभरात कोरोनावर सुमारे चार हजार ओळी लिहून ‘बबल बॉल’ हा खेळ तयार केला. लाकडाचे ठोकळे मांडायचे आणि बुडबुडा झेंड्यापर्यंत पोचवायचा, एवढाच खेळ. डिसेंबर २०१० मध्ये, म्हणजे कलम सैल झाल्यावर चार महिन्यांच्या आत, तो ॲप स्टोअरमध्ये आला आणि जानेवारीत मोफत ॲपच्या यादीत त्याने अँग्री बर्ड्सला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. दोन्ही खेळांत लुआ, आणि वस्तू पाडण्या-आपटण्याचं गणित करायला दोन्हींत बॉक्सटूडी हेच इंजिन. आपला चेंडूही त्याच इंजिनावर उसळतो.

‘टप्’ आवाज आता पुढच्या आठवड्यात. तोवर टेबलावर बोट आपटून एक छोटा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा : वेव्ह फाइल, १६ बिट, मोनो, अर्ध्या सेकंदाहून लांब नको.