पहिलटकरणीची राहून गेलेली तयारी

पहिलटकरीण माहेरी आली म्हणजे आमच्या जळगाव-धुळ्याच्या घरांत एकच धांदल उडते. डिंक, मेथ्या, खोबरे, हळीव यांच्या पुड्या येतात. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून होतात. मात्र जन्मल्यावर पहिल्या तासात मुलाच्या तोंडी काय जाणार, हे ठरविण्यास कोणासच वेळ सापडत नाही. आणि मग ते त्या वेळी जवळ असलेल्या वडीलधाऱ्या बाईच्या समजुतीवर ठरते.

पहिले पिवळट, चिकट दूध बाळास बाधते, म्हणून ते पिळून टाकावे व मध चाटवावा, अशी ती समजूत पुष्कळ घरांत अद्याप आहे. गाय व्याली म्हणजे तिच्या चिकाचा खरवस आपण शेजाऱ्यांस वाटून आवडीने खातो. पोटच्या मुलाच्या वाट्याचा चीक तेवढा आपणांस नासका वाटतो! वस्तुतः रोगास अटकाव करणारी द्रव्ये त्यातच विपुल असतात. तो चमचा-दोन चमचेच निघतो, पण नवजात बाळाची भूकही तेवढीच. भरपूर दूध उतरण्यास दोन ते चार दिवस लागतात. हे आधी ठाऊक नसले, की ‘हिला दूधच नाही’ असा निवाडा दुसऱ्याच दिवशी होतो, पावडरीचा डबा घरात येतो, मुलाचे चोखणे कमी होते आणि त्यापायी दूध खरोखरच आटते.

दवाखान्यात प्रसूती झाली म्हणजे सर्व निभावले, या भ्रमात कोणी राहू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शेकडा ८८.६ प्रसूती दवाखान्यांत झाल्या. पहिल्या तासात आईचे दूध मिळाले ते शेकडा ४१.८ मुलांना. यात दवाखान्यांची ढिलाई आहेच, परंतु दाराशी मधाची बाटली घेऊन उभ्या राहणाऱ्या आप्तांसही हात झटकता येणार नाहीत.

यास्तव सातव्या-आठव्या महिन्यातील तपासणीस मुलीबरोबर तिच्या आईने वा सासूने अवश्य जावे. शस्त्रक्रिया झाली तरी बाळ लवकर अंगाशी कसे घ्यावे, बोंडे आत वळलेली असल्यास काय करावे, हे डॉक्टरीणबाईंस विचारावे. आशा सेविका दारी आली म्हणजे तिलाही विचारावे. सहा महिने वरचे पाणीही नको, हे ऐकून खानदेशच्या वैशाखात आजीबाईंचा जीव कळवळेल; दुधातच पुरेसे पाणी असते, हे त्यांस आधीच पटवून ठेवावे.

आमच्या व्यापारी वाचकांसही दोन शब्द. शिशुदुधाची जाहिरात व फुकट नमुने १९९२ च्या कायद्याने बंद झाले आहेत. तसेच मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामावरील आईस पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुटी देण्याचा नियम आहे. आपल्या डाळ मिलच्या वा जिनिंगच्या आवारात त्यासाठी आडोशाची जागा आहे काय, हे मालकांनी उद्या स्वतः जाऊन पाहावे.