बाटली सेंटिमीटरभर सरकते तोवर

शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी आहे. तिथला किंवा दुसरा कुठलाही कारखाना घ्या. पट्ट्यावरून सेकंदाला एक मीटर वेगाने बाटल्या चालल्या आहेत आणि शेजारच्या पॅनेलमधला तळहाताएवढा बोर्ड त्या मोजतो आहे. प्रोसेसर, मेमरी, तारा जोडायच्या पिना, सगळा संगणक त्या एका बोर्डावर. तो रास्पबेरी पाय 4 असेल तर त्याचा ठोका सेकंदाला 150 कोटी वेळा पडतो. बाटली एक सेंटिमीटर सरकते तोवर दीड कोटी ठोके पडून गेलेले असतात. आणि त्या दीड कोटींत काम काय? सेन्सरसमोर बाटली आहे की नाही, एवढं बघायचं.

कोटी म्हटलं की आपल्याला कळल्यासारखं वाटतं, कळत काही नाही. या बोर्डात चार कोअर असतात. चौघांचे मिळून सेकंदाला 600 कोटी ठोके होतात. सेकंदाला एक या गतीने, न जेवता न झोपता कुणी ते मोजायला बसलं तर 190 वर्षं लागतील. आज मोजून संपायला हवे असतील, तर बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली त्या 1853 सालाच्याही आधी सुरुवात करायला हवी होती. प्रकाशाचं माप लावलं तर गंमत आणखी वाढते. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाश जेमतेम 20 सेंटिमीटर जातो, वीतभरही नाही.

अख्खा संगणक एकाच बोर्डावर, ही कल्पना बाजारात आली 1976 च्या सुमारास. इंटेलने कारखान्यांसाठी एसबीसी 80/10 काढला, मॉस टेक्नॉलॉजीने 245 डॉलरचा किम-1. किमच्या एका ठोक्यात प्रकाश 300 मीटर जायचा आणि त्याची रॅम होती साधारण एक किलोबाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह आज बहुतेक ठिकाणी तीन बाइट खातं. त्या हिशेबाने या लेखाचा पहिला परिच्छेदही किममध्ये मावला नसता. त्याआधी मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, 1960 साली टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला. त्यात 2,700 निर्वात नळ्या होत्या, 12,500 रेझिस्टर होते आणि मेमरी 40 बिटांच्या 2,048 शब्दांची, म्हणजे 10 किलोबाइट. एवढ्या पसाऱ्यात हा लेख कसाबसा बसला असता. 2021 मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोची रॅम त्याच्या 26 पट आहे. किंमत 4 डॉलर, तेव्हाच्या भावाने 300 रुपयांच्या आत.

पुण्यातला दाखला तर याहून बोलका. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 उभा केला. त्याची कमाल क्षमता सेकंदाला 100 कोटी आकडेमोडी. देशाला केवढा अभिमान वाटला होता, आणि तो योग्यच होता. पाय 4 हीच कसरत चाचणीत त्याच्या दसपट वेगाने करतो, आणि मोबाइलच्या चार्जरएवढ्या विजेवर. आणि आपण त्याला बाटल्या मोजायला बसवतो!

मला खरं चक्रावून टाकणारं वाटतं ते हे. ताकद वाढत गेली, काम मात्र तेच राहिलं. डिप्लोमाला ज्यांनी 8085 चा किट हाताळला त्यांना आठवेल: हेक्स कीपॅडवर एकेक कोड दाबायचा, शेवटी 76 म्हणजे थांब, आणि उत्तर चुकलं की पत्ते तपासत बसायचं. त्या चिपमध्ये फक्त 6,500 ट्रान्झिस्टर आणि ठोके सेकंदाला 30 लाख. बाटल्या तोही आरामात मोजू शकला असता.

कारखान्याचा माणूस म्हणून वेग विचारतच नाही. पॅनेलमध्ये उन्हाळ्यात हा टिकेल का, धूळ आणि कंप सोसेल का, आणि दहा वर्षांनी नेमका हाच बोर्ड पुन्हा मिळेल का, हे त्याचे प्रश्न. औद्योगिक दर्जाच्या सुट्या भागांना सहसा उणे 40 ते 85 अंश सेल्सिअसपर्यंत चालावं लागतं, साध्यांना 0 ते 70. आणि लाईट! लिहिणं चालू असताना अचानक वीज गेली की एसडी कार्ड खराब होऊ शकतं. मग 600 कोटी ठोके काय कामाचे? म्हणूनच उद्योगांसाठीच्या कॉम्प्युट मॉड्यूलमध्ये मेमरीची चिप थेट बोर्डावर जडवलेली मिळते. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी 29 फेब्रुवारी 2012 ला आलेला पाय कारखान्यांनी असा आपलासा केला. 2024 मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली तोवर 6 कोटींहून जास्त बोर्ड विकले गेले होते, आणि आदल्या वर्षीच्या विक्रीतला सुमारे 70 टक्के माल उद्योगांकडे गेला होता.

शेताच्या बांधावर हा हिशेब आणखी उलटा फिरतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'सारख्या उपकरणांनी विहिरीवरची मोटार मोबाइलवरून चालू-बंद करायची सोय केली. थ्री फेज रात्रीच्या पाळीत असली की अंधारात विहिरीवर जाण्याचा फेरा वाचतो. अशा स्टार्टरला मुळात कळायला हवं ते इतकंच: तिन्ही फेज आहेत का, विहिरीत पाणी आहे का, मोटार चालू आहे का. तीन प्रश्न, उत्तरं हो किंवा नाही, म्हणजे तीन बिट. 1976 चा किम-1 सुद्धा अशा अडीच हजारांहून जास्त मोटारींची नोंद एका वेळी ठेवू शकला असता.