स्मृतीचे तांबडे फूल

युद्ध संपले की इतिहासाच्या पुस्तकातले प्रकरण संपते. परंतु युद्धावरून परतलेल्या शिपायाचे पुढे काय होते, हे त्या पुस्तकात सहसा नसते. ब्रिटनमधील माजी सैनिकांची ‘रॉयल ब्रिटिश लीजन’ ही संस्था याच प्रश्नातून जन्माला आली.

पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले. ज्यांचे वीर म्हणून स्वागत झाले, तेच शिपाई थोड्याच काळात कामासाठी दारोदार हिंडू लागले. १९२१ साली ब्रिटनमध्ये सुमारे २० लाख माणसे बेकार होती. त्यात कुणाचा हात गेलेला, कुणाची दृष्टी. माजी सैनिकांच्या संघटना होत्या, पण विखुरलेल्या. अखेर १५ मे १९२१ रोजी चार संघटना एकत्र आल्या आणि लीजनची स्थापना झाली. फील्ड मार्शल हेग अध्यक्ष झाले, तर कार्याध्यक्षपद साध्या सैनिकांतून आलेल्या टॉम लिस्टर यांच्याकडे गेले. सेनापती आणि शिपाई एका संस्थेत बरोबरीने बसले.

फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर, तोफांनी उकरलेल्या मातीत, पॉपी नावाची तांबडी रानफुले उगवत. आपल्या खसखशीच्याच जातीची ही फुले. तशी कापडी फुले विकून निधी जमवावा, ही कल्पना आना गेरँ या फ्रेंच बाईंनी लीजनपुढे मांडली. ११ नोव्हेंबर १९२१ च्या स्मृतिदिनी लोकांनी ती छातीवर लावली आणि १,०६,००० पौंड जमले. पुढच्याच वर्षी मेजर जॉर्ज हाउसन यांनी लंडनमध्ये फुलांचा कारखाना काढला आणि तेथे अपंग माजी सैनिकांना काम दिले. फूल मेलेल्यांच्या आठवणीचे, पण त्याची मजुरी जिवंत सैनिकाच्या घरी जाई!

मला वाटते, या संस्थेचे मर्म येथेच आहे. ती स्मारकांपुढे दोन मिनिटे स्तब्ध उभी राहते, आणि पेन्शनचा दावा, कर्ज, आजारपण, घर अशा रोजच्या अडचणींत सैनिकाच्या व त्याच्या कुटुंबाच्या पाठीशीही उभी राहते. मदतीवाचून स्मरण म्हणजे नुसता समारंभच.

आपणांस हे सर्व परके वाटू नये. त्याच युद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसे गेली होती व ७० हजारांहून अधिक परतली नाहीत. आपल्याकडेही १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. तांबडा, गडद निळा व फिकट निळा अशा तीन रंगांचे छोटे ध्वज तिन्ही सेनादलांच्या नावाने वाटले जातात. जमलेला निधी युद्धात मरण पावलेल्यांची कुटुंबे, अपंग जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी असतो.

आपण नाणे टाकतो, ध्वज खिशाला लावतो आणि तासाला जाऊन बसतो. एवढ्यावर थांबावे काय? आमच्या गल्लीतले एक निवृत्त हवालदार पेन्शनचे इंग्रजी पत्र आले की माझ्याकडे आणतात, कारण आमच्या आळीत कॉलेजात गेलेला मीच पहिला. पत्र वाचून अर्ज लिहून द्यायला अर्धा तास पुरतो. त्यांना मात्र त्यासाठी तालुक्याला चार खेपा घालाव्या लागतात.

मित्रहो, पुतळे उभारणे आपल्या हाती नाही. अर्ज लिहून देणे मात्र नक्कीच आहे. ध्वजदिन वर्षातून एकदा येतो, पण हवालदारांचे पत्र केव्हाही येते.