गाईला किरळ, मेंढीला टक्कल

बिलोलीकडं खरिपात पावसानं ओढ दिली, की जाणता गुराखी गुडघ्याएवढ्या ज्वारीत ढोरं शिरू देत नाही. पोंगे खाल्ले की किरळ लागते! अर्ध्या तासाच्या आत गाय धापा टाकते, लडखडते, कोसळते.

हा प्रताप ज्वारीतल्या धुरिन या रसायनाचा. कोवळ्या कोंबाच्या शेंड्यात ते वाळल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत सापडतं. एरवी ते गपगुमान पडून असतं, कारण त्याला फोडणारं विकर पानात वेगळ्या कप्प्यात असतं. गाईनं पान चावलं, की दोघांची गाठ पडते आणि थेट सायनाइड! मग रक्तात प्राणवायू भरपूर, पण पेशींना तो वापरता येत नाही. त्यामुळे रक्त लालभडक दिसतं. तोंडाला कडू बदामाचा वास येतो म्हणतात. तो सगळ्याच नाकांना कळत नाही.

घोड्याच्या जठरातलं आम्ल त्या विकराला बरंचसं गारद करतं. रवंथ करणाऱ्या गाईच्या पोटात मात्र त्याचं फावतं, वर तिथले जिवाणूही हातभार लावतात.

कापणीनंतर धसकटाला फुटलेली हिरवीगार पालवी तेवढीच घातक, आणि मोकळी सोडलेली ढोरं नेमकी तिच्यावरच तुटून पडतात. पीक फुलोऱ्यात आलं की धोका बराच उतरतो. उन्हात खडखडीत वाळलेला कडबा खुशाल घाला. नीट मुरलेल्या मुरघासातही विष घटतं.

उतारा? सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फोटो पक्का करायला वापरायचे तो ‘हायपो’ हाच! पण इथं तो शिरेतून द्यावा लागतो, म्हणून आधी डॉक्टरला फोन.

बांधावरची सुबाभूळ हा वेगळाच नग. तिच्यातल्या मिमोसिनमुळं घोड्याच्या शेपटीचे केस गळतात. ऑस्ट्रेलियात तर कात्री न लावता मेंढीची लोकर उतरवायला मिमोसिन वापरून पाहिलं होतं!

हवाईतल्या शेळ्या मात्र सुबाभूळ खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला शंका आली, की त्यांच्या पोटातच कुणीतरी हे विष पचवत असणार. निघालेही जिवाणूच. ते ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या गुरांना पाजले, तर गुरं सुबाभूळ पचवायला लागली. १९९२ साली त्या जिवाणूचं बारसं झालं, जोन्स यांच्याच नावानं: सिनर्जिस्टिस जोन्सिई.