निळ्या पेटीच्या पाठीमागे

दूरचित्रवाणीवर एखादी विज्ञानमालिका पाहताना तुमचे लक्ष कुठे असते? अवकाशयानाकडे, परग्रहावरच्या प्राण्यांकडे, फार तर नायकाच्या चमकदार पोशाखाकडे! ते साहजिकच आहे. पण चौकटीच्या जरा बाहेर, कॅमेऱ्याच्या मागे काय चालले असेल याचा विचार कधी केला आहे का?

दहिसर ओलांडून मीरा-भाईंदरकडे निघाले की हाटकेशचा भाग लागतो. मीरा रोडच्या या सगळ्या बाजूला मालिकांचे सेट लागतात, दिव्यांच्या आणि जनित्रांच्या गाड्या उभ्या असतात. पडद्यावरचा ऐटदार वाडा म्हणजे पुढून रंगवलेले प्लायवूड आणि मागून लाकडाच्या टेकण्या, हे तिथल्या मुलांना सांगावे लागत नाही. आज आपण अशाच एका लाकडी पेटीची हकिगत पाहू. ती १९६३ साली लंडनमध्ये तयार झाली, आणि तिच्यावर पहिल्यांदा कॅमेरे रोखले ते बालपण मुंबईत घालवलेल्या एका चोवीस वर्षांच्या दिग्दर्शकाने.

धडा की गोष्ट?

बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख होते सिडनी न्यूमन, मूळचे कॅनडाचे. शनिवारी संध्याकाळी खेळांचा कार्यक्रम संपला की मुले उठून जात आणि पुढच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला परत येत. मधली जागा भरायला मुलांना आणि मोठ्यांनाही बांधून ठेवील अशी मालिका हवी होती. त्यातून निघाली ‘डॉक्टर हू’. एक विक्षिप्त म्हातारा, त्याची नात आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक काळाच्या यानातून भटकतात. शिक्षक दोनच का? एक इतिहासाची बाई, एक विज्ञानाचे सर! यान भूतकाळात गेले की इतिहास शिकवायचा, भविष्यात गेले की विज्ञान. न्यूमन यांची सक्त ताकीद होती की, बटबटीत डोळ्यांचे राक्षस अजिबात नकोत.

मालिकेची निर्माती म्हणून त्यांनी व्हेरिटी लॅम्बर्ट यांना आणले. वय सत्तावीस, त्या वेळी बीबीसीच्या नाट्यविभागातल्या सर्वांत तरुण आणि एकमेव स्त्री-निर्मात्या. दिग्दर्शक होते वारिस हुसेन. जन्म लखनौचा, लहानपण मुंबईत. १९४६ मध्ये कुटुंबाबरोबर ते इंग्लंडला गेले. त्यांच्या आई अतिया हुसेन या नामवंत लेखिका. बीबीसीच्या नाट्यविभागात दिग्दर्शक झालेले ते भारतीय वंशाचे पहिले गृहस्थ मानले जातात. आता कल्पना करा, वर्षानुवर्षे त्या वास्तूत मुरलेल्या मंडळींना या दोघांकडून सूचना घ्यायच्या होत्या. कुरबुरी झाल्या नसत्या तरच नवल!

दोघांच्या वाट्याला आला लाइम ग्रोव्हमधला ‘डी’ स्टुडिओ. जागा अपुरी, कॅमेरे जुने आणि अवजड, दिव्यांचा उकाडा असह्य. गोष्ट होती अश्मयुगातल्या गुहावासीयांची, आणि तीही दोघांना फारशी पसंत नव्हती. पण दुसरी संहिता तयार नव्हती, दिवस भराभर चालले होते.

अडकलेली कळ

काळाचे यान दिसावे कसे? लेखक अँथनी कोबर्न यांना रस्त्यावरची पोलिसांची निळी पेटी सुचली. त्या काळी लंडनमध्ये ठिकठिकाणी अशा पेट्या असत. आत पोलिसांशी बोलायला दूरध्वनी असे. मूळ कल्पना अशी की, यान जिथे उतरेल तिथल्यासारखे रूप घेते. रोममध्ये खांब, रानात झाड! पण दर गोष्टीला नवे यान बांधायचे तर पैसे कुठले? मग कथेतच सांगून टाकले की यानाची रूप बदलण्याची कळ बिघडली आहे. पैशाची चणचण अशी कथेच्या कामी आली. आज साठ वर्षांनंतरही ती पेटी निळीच आहे.

बाहेरून पेटी, आतून मात्र प्रशस्त दालन. या दालनाचा खर्च इतका वाढला की बीबीसीचे वरिष्ठ अधिकारी डोनाल्ड बॅव्हरस्टॉक यांनी ऑक्टोबर १९६३ मध्ये फर्मान काढले: चार भागांपुढे जायचे नाही! म्हणजे पहिला भाग लोकांना दिसण्याआधीच मालिका बंद व्हायची वेळ आली होती. काही दिवसांनी तेरा भागांना मंजुरी मिळाली, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्याआधी आणखी एक संकट येऊन गेले होते. २७ सप्टेंबरला पहिल्या भागाचे मुद्रण झाले आणि यानाचे दार काही केल्या नीट मिटेना. संवाद चालू असताना ते मागे आपटत राहिले. तो तुकडा कापून नवा का जोडला नाही, असे तुम्ही विचाराल. त्या वेळची चित्रफीत दोन इंच रुंद असे. ती कापून जोडणे खर्चाचे आणि जिकिरीचे काम. म्हणून नाटकासारखा सगळा भाग जवळजवळ सलग मुद्रित करीत. एक दार बिघडले की सगळी मेहनत वाया! न्यूमन यांनी भाग पाहिला. डॉक्टर फार खडूस वाटतो, कॅमेरे चुकले आहेत, असे दोष त्यांनी काढले. खरे तर दोघांनाही काढून टाकायला हवे, असे ते म्हणाल्याचे हुसेन यांनी पुढे सांगितले आहे. पण काढले नाही. सगळा भाग पुन्हा करा, म्हणाले. १८ ऑक्टोबरला तो पुन्हा मुद्रित झाला.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी तो प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचे मन मालिकेत कुठले? प्रेक्षक सुमारे ४४ लाख. आठवड्याने, ३० नोव्हेंबरला, दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला.

फितीवर शिवलेले गाणे

मालिकेची सुरावट लिहिली रॉन ग्रेनर यांनी. ती प्रत्यक्षात आणली डेलिया डर्बीशायर यांनी, बीबीसीच्या ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ या ध्वनिशाळेत. गंमत अशी की, यात कोणी वाद्यवृंद बसवला नाही. आजच्यासारखी सूर काढून देणारी इलेक्ट्रॉनिक वाद्येही हाताशी नव्हती. एका तारेचा छेडलेला आवाज, यंत्रे तपासण्यासाठी वापरायच्या आंदोलकांचा शुद्ध सूर आणि थोडी खरखर, एवढेच भांडवल. प्रत्येक स्वर वेगळा मुद्रित करायचा, फीत मोजून कापायची, पुढच्या स्वराला जोडायची.

करून पाहा हिशेब. फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते असे धरा. पाव सेकंदाचा स्वर हवा, तर फितीचा तुकडा किती? साडेनऊ सेंटिमीटर! असे तुकडे जोडत सगळे गाणे तयार झाले. निरनिराळ्या फिती एकदम वाजवून पाहिल्या तर एक स्वर चुकत होता. तो सापडेना, तेव्हा डर्बीशायर आणि त्यांचे सहकारी डिक मिल्स यांनी फिती लांबच लांब बोळात शेजारी शेजारी उलगडल्या आणि चुकीचा जोड डोळ्यांनी शोधून काढला.

ग्रेनर यांना हे काम इतके आवडले की मानधनाचा वाटा डर्बीशायरना मिळावा म्हणून त्यांनी खटपट केली. पण तिथले नोकरदार बिननावाचे राहत, असा शिरस्ता. पडद्यावर ग्रेनर यांचे आणि ध्वनिशाळेचे नाव आले. डर्बीशायर यांचे नाही. त्या २००१ मध्ये वारल्या. त्यांचे नाव मालिकेच्या पडद्यावर झळकले २०१३ मध्ये, पन्नासाव्या वर्षाच्या खास भागात!

कॅमेरा स्वतःकडे पाहतो

सुरुवातीच्या शीर्षकात धुरासारखे आकार फुटत, वळत जातात. ते कोणी रेखाटलेले नाहीत. गणेशोत्सवाच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर आला की कशी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते? माइकने घेतलेला आवाज कर्ण्यातून येतो, तो पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो. यालाच पुनर्भरण म्हणतात. शीर्षक करणाऱ्यांनी हेच प्रकाशाच्या बाबतीत केले. कॅमेरा त्याचेच चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर रोखला. चित्रात चित्र, त्यात आणखी चित्र, आणि प्रत्येक फेरीत थोडा बदल!

घरी दोन मोबाइल असतील तर मोठ्यांना विचारून एकमेकांना व्हिडिओ कॉल लावा. दोन्हींचा आवाज बंद करा आणि समोरासमोर धरा. मध्येच बोट हलवा, एक मोबाइल किंचित तिरका करा, आणि काय दिसते ते वहीत टिपून ठेवा.

नको असलेले राक्षस

दुसरी गोष्ट टेरी नेशन यांची होती. तिच्यात ‘डॅलेक’ नावाचे, धातूच्या कवचातले प्राणी. विभागप्रमुख डोनाल्ड विल्सन यांना ती मुळीच आवडली नाही. ही करू नका, असे त्यांनी सांगितले. लॅम्बर्ट यांचे उत्तर सरळ होते: दुसरी कोणती तयार आहे? एकही नव्हती. न्यूमन तर संतापले. ज्याला बंदी घातली तेच की हे!

पण आता त्या कथेत काय आहे पाहा. अणुयुद्धाने उजाड झालेला ग्रह. यानातल्या किरणोत्सारमापकाचा काटा धोक्याकडे सरकतो, पण कोणाचे लक्ष नसते. मग सगळेच आजारी पडतात. डॅलेकांना शक्ती मिळते धातूच्या जमिनीतून. तेव्हा आपली मंडळी एका डॅलेकाला झग्यावर ढकलतात, विद्युत परिपथ तुटतो आणि तो थंड पडतो! भौतिकशास्त्र इथे थोडे ताणलेले आहे खरे. पण विद्युतरोधक म्हणजे काय, हे ते पाहणारे पोर जन्मात विसरणार नाही. धडा की गोष्ट, हा वाद असा त्या नको असलेल्या राक्षसांनीच मिटवला. सात भागांची ती कथा संपेतो प्रेक्षक एक कोटीच्या वर गेले.

डॅलेकचा आवाजही भौतिकशास्त्रातूनच आला. नटाच्या आवाजाला सेकंदाला ३० कंपनांच्या सुराने ‘गुणले’. समजा आवाजात २०० कंप्रतेचा सूर आहे. गुणाकारानंतर तो २०० चा राहत नाही. त्याचे दोन होतात, २३० आणि १७०. म्हणून तो आवाज माणसाचा वाटत नाही. चालू टेबलफॅनपासून हातभर अंतर ठेवून ‘आ’ म्हणा. पात्यांमुळे आवाज तुटक होतो, तो काहीसा याच जातीचा.

डॅलेकचे रूप रेखाटले रेमंड क्यूसिक यांनी. खेळणी निघाली, बक्कळ पैसा झाला. लेखकाला त्यात वाटा होता. क्यूसिक पडले पगारी नोकर; त्यांच्या हाती आली एक किरकोळ बक्षिसी.

मुलांनी वाचवलेला आवाज

चित्रफिती महाग, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरीत. १९६० च्या दशकातले या मालिकेचे कितीतरी भाग असे नाहीसे झाले. हुसेन यांनी १९६४ मध्ये मार्को पोलोवर सात भागांची कथा केली. त्यातला एक सोडून सगळे भाग त्यांनी दिग्दर्शित केले होते. तिचे चित्र आज शिल्लक नाही, आवाज मात्र आहे. तो कोणी जपला? घरोघरच्या मुलांनी आणि तरुणांनी! दूरचित्रवाणीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी आपल्या आवडीचे भाग ध्वनिमुद्रित केले होते. हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज अशा मुद्रणांमुळे आज ऐकता येतो. परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रतीही अधूनमधून सापडतात. २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ हरवलेले भाग मिळाले.

मित्रांनो, पेटी रंगवणारे, फीत कापणारे, कॅमेरा उलटा फिरवणारे हात पडद्यावर दिसत नाहीत. वरच्या लोकांनी ‘नको’ म्हटले, पैसा पुरला नाही, दार मिटले नाही, तरी या हातांनी वाट काढली. त्यांतल्या काहींची नावे पन्नास वर्षांनी लागली, काहींची लागलीही नसतील. म्हणून पुढच्या वेळी तुमची आवडती मालिका संपली की लगेच उठू नका. शेवटची नावे भरभर सरकतात, ती वाचा. ध्वनी कोणाचा, प्रकाश कोणाचा, यंत्रे कोणी सांभाळली? आणि शाळेच्या संमेलनात तुमच्या वर्गाचे नाटक होईल, तेव्हा पडदा ओढणाऱ्या आणि दिवे लावणाऱ्या मुलांची नावेही फलकावर लिहायला विसरू नका.