ऐकू न येणारा माणूस : नाट्यछटा, एकांकिका आणि आपला वर्ग

महाविद्यालयीन संमेलनांत एकपात्री अभिनयाची स्पर्धा हमखास असते आणि तिचा शेवटही हमखास ठरलेला असतो. विद्यार्थी मंचाच्या मध्यभागी येतो, आवाज चढवतो, गुडघ्यांवर बसतो आणि रडतो. परीक्षक 'भावना' या रकान्यात भरघोस गुण देतात. सभागृह मात्र बहुधा कोरडेच राहते. भाषा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या विसंगतीचा विचार करावयास हवा. आठ-दहा मिनिटांच्या नाट्यप्रकारात मन हलवण्याची ताकद निश्चितच आहे. पण ती बोलणाऱ्याच्या अश्रूंत आहे असे मला वाटत नाही. ती त्याच्यासमोर असलेल्या, परंतु आपल्याला ऐकू न येणाऱ्या माणसात आहे. प्रस्तुत लेखात हा मुद्दा मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांतील उदाहरणांनी स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम संज्ञांचा थोडा उलगडा. 'स्वगत' म्हणजे पात्राने स्वतःशीच केलेले भाषण. उर्दूत यालाच खुदकलामी म्हणतात. तेथे समोर कोणी नसते. 'एकपात्री प्रयोग' म्हणजे एकाच नटाने अनेक पात्रे उभी करणे. औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये अशी बावन्न पात्रे एकट्याने साकारत. 'एकांकिका' हा एका अंकाचा नाट्यप्रकार, उर्दूतील यक-बाबी ड्रामा. आणि 'नाट्यछटा' म्हणजे एकाच व्यक्तीचे बोलणे, पण ते दुसऱ्या कोणाशी तरी चाललेले. हा दुसरा तेथे हजर असतो, प्रश्न विचारतो, आडवे बोलतो, कधी उठून जाऊ लागतो. आपल्याला मात्र त्याचा एकही शब्द ऐकू येत नाही. स्पर्धांच्या नियमपत्रिकांत हे चारही प्रकार सर्रास एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि अर्धा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

नाट्यछटा मराठीत रुजवली ती दिवाकर यांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे (१८८९–१९३१) यांनी. पुण्यात शिक्षकी करणाऱ्या या लेखकाने १९११ मध्ये 'महासर्प' ही पहिली नाट्यछटा लिहिली. पुढे त्यांच्या नाट्यछटांची संख्या एक्कावन्न झाली. छापील दीड-दोन पाने एवढीच बहुतेकींची लांबी. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या नाट्यात्म एकभाषितांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ब्राउनिंग यांची १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेली 'माय लास्ट डचेस' ही कविता अनेकांनी पदवी वर्गात अभ्यासलेली असेल. एक उमराव पाहुण्याला आपल्या दिवंगत पत्नीचे चित्र दाखवतो आहे. पाहुणा उमरावाच्या पुढच्या लग्नाची बोलणी करायला आलेला आहे. तो अखेरपर्यंत काही बोलत नाही आणि उमरावही गुन्हा उघड कबूल करत नाही. तरी कविता संपेपर्यंत त्या बाईचे काय झाले असावे ते आपल्याला कळून चुकते. ते आपल्याला कोणी सांगितलेले नसते, आपणच जोडून घेतलेले असते, आणि म्हणूनच ते अधिक झोंबते.

दिवाकरांनी हे तंत्र घेतले, पण माणसे आपल्या आळीतली घेतली. त्यांची नाट्यछटा संभाषणाच्या मध्येच सुरू होते. ऐकू न येणाऱ्या उत्तरांच्या जागी छापील पानावर टिंबे आणि आडव्या रेघा असतात. वाचकाचे काम त्या टिंबांत असते. 'पंत मेले – राव चढले' हे एका नाट्यछटेचे नुसते शीर्षक पाहावे: एका घरातला मृत्यू म्हणजे दुसऱ्या घरातली बढती. लेखकाने कोणाला दोष दिलेला नाही, तरी मान खाली जाते. (आपल्या वर्गांत ही टिंबे 'थांबा' असे समजून वाचली जातात. ती थांबण्याची जागा नव्हे, दुसऱ्याच्या बोलण्याची जागा आहे.)

हे मनावर एवढे का ठसते, याचे उत्तर मेहदीपट्टणमहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या कोणत्याही सिटी बसमध्ये मिळेल. शेजारचा प्रवासी फोनवर बोलू लागला की आपण ठरवूनही दुर्लक्ष करू शकत नाही. दोघे जण समोरासमोर बोलत असतील तर आपण खिडकीबाहेर पाहतो. पण अर्धेच संभाषण कानी पडले की उरलेले अर्धे आपले मन भरू लागते. पलीकडे आई आहे, मालक आहे की सावकार? नाट्यछटेचा प्रेक्षक असाच कामाला लागलेला असतो. नटाने सगळी भावना स्वतःच दाखवून टाकली, तर प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही. सभागृह कोरडे राहते ते याचमुळे.

ऐकणारा असून नसल्यासारखा असणे याचे मराठीतील सर्वात तीव्र उदाहरण मात्र नाट्यछटेत नसून विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये आहे. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात लीला बेणारे या शिक्षिकेला बचावासाठी जेमतेम काही सेकंद दिले जातात. ती बोलू लागते आणि मंचावरची बाकीची माणसे थिजून जातात. तिचे दीर्घ भाषण त्यांच्यापैकी कोणीच ऐकत नाही. ऐकतो तो फक्त प्रेक्षक. न्यायाधीशाच्या जागी नकळत आपल्याला बसवले जाते. मूळ प्रयोगात ही भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. स्पर्धांत हा उतारा वारंवार सादर होतो, पण ती थिजलेली माणसे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय. मग उरते ते केवळ रडणे.

उर्दूकडे वळताना डॉ. रशीद जहाँ (१९०५–१९५२) यांचा उल्लेख अगत्याचा आहे. अलीगढमध्ये १९०६ साली मुलींची शाळा काढणारे शेख अब्दुल्ला यांच्या त्या कन्या, पेशाने डॉक्टर. डिसेंबर १९३२ मध्ये लखनौहून निघालेल्या 'अंगारे' या संग्रहात त्यांचे दोन लेखन समाविष्ट होते. मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने तो संग्रह जप्त केला. त्यातील 'पर्दे के पीछे' ही एकांकिका नावालाच दोन स्त्रियांचा संवाद आहे. मुहम्मदी बेगम बोलत राहते: एकामागून एक बाळंतपणे, खालावलेली प्रकृती, नवरा दुसरे लग्न करील ही धास्ती. समोरची आफताब बेगम मधूनमधून हुंकार भरते. मुहम्मदी आक्रोश करत नाही, घरगुती गप्पांच्या सुरात बोलते; जणू हे सारे असेच असायचे. तो साधा सूरच अंगावर काटा आणतो. दुसरे लेखन 'दिल्ली की सैर' ही कथा असली तरी तिचा घाट नाट्यछटेचाच. फरीदाबादहून आगगाडीने दिल्लीला गेलेली एक बाई मैत्रिणींना आपल्या सहलीची हकिकत सांगते. नवरा तिला बुरख्यात, सामानाजवळ, स्टेशनवर बसवून ओळखीच्या माणसाबरोबर निघून गेला. परतला तेव्हा तिने घरी परत न्यायलाच सांगितले. हीच तिची दिल्ली. ऐकणाऱ्या बायका हसत असतील की गप्प झाल्या असतील? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. माझ्या अनुभवाने मुलगे आणि मुली यांची उत्तरे वेगळी येतात, आणि खरी चर्चा तेथून सुरू होते.

हैदराबादला ही कला परकी नाही. १८७१ मध्ये मीर अनीस येथे येऊन मर्सिया वाचून गेले. मर्सिया तहतुल्लफ्ज पद्धतीने, म्हणजे न गाता बोलीच्या लयीत वाचला जातो, तेव्हा एकच माणूस वेश वा देखावा यांवाचून बहीण, भाऊ, पिता अशा अनेकांचे बोलणे उभे करतो. आवाजाचा संयम ही त्या वाचनाची कसोटी मानली जाते, ही गोष्ट आपल्या स्पर्धकांना सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या टोकाला बब्बन खान यांचे 'अदरक के पंजे'. १९६५ मध्ये या शहरात सुरू झालेले हे दक्खिनी बोलीतील नाटक २००१ पर्यंत चालले, त्याचे दहा हजारांहून अधिक प्रयोग झाले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. विषय काय, तर तुटपुंजी मिळकत, मुलांची रांग आणि दारातले उधारीवाले. लोक पोट धरून हसत, आणि हसत होते ते बव्हंशी स्वतःच्याच घरावर.

आता वर्गातील उपयोगाविषयी. 'स्वतःचे दुःख सांगा' असा स्वाध्याय काही शिक्षक देतात. तो मला धोक्याचा वाटतो. आपल्याकडे येणाऱ्या अनेक मुलामुलींनी शाळा अर्धवट सोडलेली असते, घरची कुचंबणा असते. ती वर्गापुढे मांडायला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. मुहम्मदी बेगमच्या तोंडून बोलताना मात्र मुलगी आपले हवे तेवढेच त्यात घालते आणि हवे तेवढे लपवते. ही ओढणी तिच्यापाशी राहू द्यावी. सादरीकरणानंतर 'हे तुझ्या घरचे आहे का?' असे कधीही विचारू नये.

तयारीची रीत सोपी आहे. नाट्यछटा पाठ करण्याआधी विद्यार्थ्याने टिंबांच्या जागी समोरच्याची वाक्ये वहीत लिहावीत. मग एका मित्राला समोर बसवून ती खरोखर बोलायला लावावीत. तिसऱ्या सरावात मित्राने फक्त ओठ हलवावेत, चौथ्यात उठून जावे. खुर्ची तशीच राहू द्यावी. बोलणाऱ्याची नजर त्या रिकाम्या खुर्चीवर टिकली, तर पुढचे फारसे शिकवावे लागत नाही. गुणपत्रिकेतील 'भावना' हा रकाना काढून तेथे 'समोरचा माणूस दिसला का?' असे लिहून पाहावे.

भाषेची सक्ती नसावी. दिवाकरांच्या नाट्यछटा मुलांनी दक्खिनीत उतरवाव्यात, 'दिल्ली की सैर' मराठीत आणावी. १९५६ पर्यंत मराठवाड्यातील जिल्हे आणि हे शहर एकाच राज्यात होते. दोन्ही बोलींनी एकमेकींकडून पुष्कळ उचलले आहे. मराठी 'नको' दक्खिनीत 'नक्को' होऊन कधीचाच नांदतो आहे. अनुवाद करणाऱ्या मुलाला निदान नकार देणाऱ्या पात्राचा पहिला शब्द शोधत बसावा लागणार नाही.